दुसऱ्यांदा पाहिलेले रहस्यपट

आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ले दियाबोलिक' हा १९५५ सालचा रहस्यपट संपतो तेव्हा पडद्यावर प्रेक्षकांना एक विनंती केलेली दिसते : जे पाहिलेत ते आपल्या मित्रांना सांगू नका. दोनच वर्षांनी आलेल्या बिली वाइल्डरच्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'च्या अखेरीसही अशीच विनंती ऐकू येते. या लेखात मी ती मोडणार आहे. ज्यांनी 'पाठलाग' किंवा 'व्हर्टिगो' पाहिलेले नाहीत त्यांनी हे पान मिटून आधी ते चित्रपट पाहावेत, आणि शक्य तर दोनदा पाहावेत.

रहस्यपटाविषयी आम्हा साहित्याच्या अध्यापकांची भूमिका पूर्वीपासून संकोचाची आहे. कुरोसावांच्या 'राशोमोन'चा (१९५०) उल्लेख आम्ही निःसंकोचपणे करतो, कारण त्याला व्हेनिसचा सन्मान लाभलेला आहे आणि सत्याच्या सापेक्षतेविषयी चार वाक्ये बोलण्याची सोयही त्यात आहे. इतर रहस्यपट मात्र आम्ही मॅटिनीला, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा बेताने पाहिले. एकदा उकल कळली की अशा कृतीत उरते काय, हा आमचा ठरलेला आक्षेप असे. तो अगदीच खोटा नव्हे. यश चोप्रा यांचा 'इत्तफाक' (१९६९) हा गुजराती नाटकावरून घेतलेला, एकही गाणे नसलेला बांधेसूद चित्रपट मी पहिल्यांदा श्वास रोधून पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना मी त्याच्या रचनेचे कौतुक केले, परंतु त्या घरातल्या माणसांविषयी मला नवे काही कळले नाही. बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून'मध्ये (१९६०) अखेरीस हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस उभा राहतो. डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे असू शकते, हा त्या चित्रपटाचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. पण तो युक्तिवादच राहतो, कोणाचे दुःख होत नाही.

हिचकॉकने 'व्हर्टिगो'त (१९५८) काय केले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ब्वालो-नार्सजॅक या लेखकद्वयाच्या मूळ कादंबरीत रहस्य शेवटपर्यंत राखलेले आहे. हिचकॉकने ते चित्रपट सुमारे दोन तृतीयांश झाल्यावर, नायकाला कळण्याच्या कितीतरी आधी, प्रेक्षकाला सांगून टाकले. मेलेली वाटणारी स्त्री आणि ही दुकानात काम करणारी मुलगी एकच आहे, हे आपल्याला तिच्या कबुलीच्या पत्रातून कळते, आणि ते पत्र ती फाडून टाकते. यापुढे 'ही कोण?' हा प्रश्न उरत नाही. तिला पुन्हा तेच कपडे, तोच केशसंभार करायला लावणारा पुरुष आणि ते निमूटपणे करू देणारी ती यांच्याकडे आपण पाहत राहतो. हिचकॉकने एका अर्थाने आपल्याला पहिल्याच खेळात दुसऱ्यांदा बसवले आहे.

मराठीत ही किमया राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'ने (१९६४) केली, तीही न बोलता. जयंत देवकर यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. (शीर्षकच वाचकाला सारे सांगून टाकते, आणि तरीही वाचकाला ते कळत नाही!) पुढे राज खोसला यांनी त्यावरून 'मेरा साया' (१९६६) काढला व तो देशभर गाजला, त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या रसिकांनाही ही कथा परिचित आहे. एका वकिलाची पत्नी मरण पावली आहे. तिचे क्रियाकर्म त्याने स्वतः केले आहे. आणि पोलिसांनी पकडलेली एक स्त्री म्हणते आहे, की मीच तुमची पत्नी. न्यायालयात तिची उलटतपासणी घेणाराही हा पतीच. संसारातल्या, दोघांवाचून कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती सांगते. पहिल्यांदा पाहताना आपण त्या वकिलाच्या बाजूने असतो : हिला हे कसे कळले असेल? अखेरीस जुळ्या बहिणीचा उलगडा होतो आणि कळते, की मेली ती बहीण. पिंजऱ्यात उभी होती ती पत्नी.

आता चित्रपट पुन्हा पाहावा. रहस्य कुठेच नाही. एक खरे बोलणारी स्त्री आहे, आणि तिचे प्रत्येक बरोबर उत्तर तिच्याच विरुद्धचा पुरावा म्हणून नोंदले जात आहे. चुकली तर ती तोतया, आणि बरोबर सांगितले तर अधिक तयारीची तोतया.

हे मला इतके स्पष्टपणे दिसण्याला एक कारण आहे, आणि ते चित्रपटातले नाही.

१९९१ साली मी एका महाविद्यालयात एम. ए.चे वर्ग घेत असे. एका विद्यार्थिनीने मर्ढेकरांच्या प्रतिमांवर चाळीसेक पानांचा निबंध सादर केला. तो इतका प्रौढ होता, की तो तिचा असणार नाही असे मी वाचतानाच ठरवून टाकले. मी तिला बोलावून प्रश्न विचारले. तिने उत्तरे दिली, काही तर निबंधाहूनही सरस. तितकाच माझा संशय बळावत गेला. हिला कोणीतरी चांगले पढवले आहे, असे मी मनाशी म्हटले. मी आवाज चढवला नाही, सौजन्य सोडले नाही. निबंधाला उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले. पुढच्या सत्रात ती वर्गात दिसली नाही.

सात-आठ वर्षांनी एका नियतकालिकात तिचा लेख वाचला. विषय निराळा होता, पण प्रतिमेकडे एकदम न जाता बाजूने जाण्याची ती रीत, मुद्दा संपताच परिच्छेद तोडण्याची ती सवय मी ओळखली. ग्रंथाच्या कर्तृत्वाचा निर्णय शैलीवरून कसा करावा, हे मी तोवर अनेक वर्षे शिकवीत आलो होतो.

संपादकांकडून पत्ता मिळवून मी तिला पत्र लिहिले. माझ्या लेखी ते क्षमापत्र होते. आज आठवले तर त्यात स्पष्टीकरणच अधिक होते असे वाटते. उत्तर पोस्टकार्डावर आले. तिने लिहिले होते, "सर, कच्ची वही माझ्याकडे अजून आहे. तेव्हा तुम्ही ती मागितली नव्हती."

खरेच, मी ती मागितली नव्हती. प्रश्न मात्र पुष्कळ विचारले होते.

त्यानंतर 'पाठलाग' मी पुन्हा पाहिला. काशिनाथ घाणेकरांचा वकील किती ऐटीने बोलतो, याचे एके काळी मला अपार कौतुक होते. या वेळी मी त्याच्या प्रश्नांकडे फारसे लक्ष दिले नाही. दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात भावना यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.