टिपणीत न लिहिलेलं

सरकारी नोकरीतला प्रामाणिकपणा म्हटलं की लोकांना टेबलाखालून सरकणारं पाकीट आठवतं. पाकिटाला नाही म्हणणं मला कधी फार अवघड गेलं नाही. तिथे चूक काय ते ढळढळीत दिसतं. कक्ष अधिकाऱ्याचा कस लागतो तो टिपणी लिहिताना.

अर्जदाराचं म्हणणं, लागू नियम, पूर्वीचा दाखला, पर्याय आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. एवढ्या चौकटीत एकही खोटं वाक्य न लिहिता पुरता अन्याय करता येतो. अडचणीच्या शासन निर्णयाला पताका लावायची नाही, वित्त विभागाने घातलेल्या अटी ‘सहमती प्राप्त’ एवढ्या दोन शब्दांत गिळायच्या. सही वरिष्ठांची होते, पण निर्णय आपण आधीच करून ठेवलेला असतो.

दबाव कागदावर क्वचितच येतो. ‘साहेबांची इच्छा आहे’ हे फोनवरच ऐकू येतं. तोंडी आदेश लेखी कायम करून घ्यावा, असं वर्तणूक नियम सांगतात. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. अशा वेळी मी ‘दूरध्वनीवरील सूचनेनुसार फेरसादर’ एवढंच नस्तीवर लिहीत असे. पुष्कळदा तेवढ्यानेच ती इच्छा विरून जाई.

स्वीडनने १७६६ मध्येच सरकारी कागद कायद्याने नागरिकांना खुले केले. तरी तिथेही कच्चे मसुदे आणि अंतर्गत टाचणं सहसा बाहेर येत नाहीत. आपल्याकडे माहिती अधिकारात टिपणीसुद्धा मागता येते. २००६ मध्ये केंद्र सरकार ती वगळायला निघालं, तेव्हा अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि ती दुरुस्ती बारगळली. आमच्यातल्या काहींनी यातून भलताच धडा घेतला: कमी लिहा, ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून मोकळे व्हा. त्या चर्चेत काय ठरलं, ते मग कोणत्याच अर्जाला सापडत नाही.

कक्षात नव्याने आलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्याच्या विरोधात प्रस्ताव जातो आहे, तो अर्जदार उद्या या टिपणीची प्रत मागणार, असं धरूनच लिहा. निर्णय त्याला पटला नाही तरी चालेल. आपली बाजू पूर्ण मांडली होती, हे त्याला मान्य करावं लागलं पाहिजे.