टाचण्यांच्या खुणा

माणसाच्या छंदांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही छंद साठवण्याचे, तर काही खर्चून टाकण्याचे. पोस्टाची तिकिटे आणि जुनी नाणी पहिल्या वर्गात बसतात. लहान विमाने स्वतःच्या हातांनी घडवून आकाशात सोडून देण्याचा छंद मात्र दुसऱ्या वर्गातला. त्याची सामग्री तर खर्ची पडतेच. पण ज्या मासिकांवरून तो शिकायचा, तीही त्यात खर्ची पडावीत अशीच त्यांची योजना असे. ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यास एक ट्रंक कारणीभूत झाली.

ट्रंक आमच्या थोरल्या मामांची. ते बेळगावास राहत. कॅम्पातील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘एअरोमॉडेलर’ या इंग्रजी मासिकाचे अंक ते हौसेने आणीत. मामा गेले, मागोमाग मामीही गेल्या, आणि घर आवरताना हा वारसा आमच्या वाट्याला आला. भाचरांपैकी मामांच्या विमानामागे मैदानभर धावणारे आम्हीच, म्हणूनही असेल.

या छंदाचे कूळ मोठे. १८७१ साली पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच गृहस्थाने पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक चिमुकले विमान लोकांसमक्ष उडविले. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले. पुढे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या मुलांसाठी पेनोच्याच धर्तीचे एक उडते खेळणे आणले. ते मोडेपर्यंत मुले खेळली आणि मोडल्यावर त्यांनी तसलेच स्वतः करून पाहिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. १९०३ साली त्यांनी काय केले ते सर्वश्रुत आहे. तेव्हा खेळण्याला विमानाची नक्कल म्हणण्याचे कारण नाही. खेळणे आधी, विमान नंतर!

अमेरिकेत १९२९ साली ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली ‘एअरोमॉडेलर’ निघू लागले. त्यांत लेख असत, स्पर्धांची वृत्ते असत, इंजिनांच्या जाहिराती असत. परंतु अंकाचा प्राण नकाशात. काही अंकांत पूर्ण आकाराचा नकाशा घडी घालून जोडलेला असे. तो मऊ फळीवर पसरायचा, डिंक चिकटू नये म्हणून त्यावर मेणबत्ती घासायची, आणि रेघेरेघेवर बाल्साच्या बारीक पट्ट्या ठेवून टाचण्यांनी जखडायच्या. सांगाडा सुकला की उचलायचा, वर तलम कागद डकवायचा आणि पाण्याचा हलका शिडकावा करायचा. वाळताना कागद आपोआप डग्ग्याच्या पुडीसारखा ताणून बसतो.

बाल्सा इक्वेडोरच्या रानांतून येणारे, कापसासारखे हलके लाकूड. ते मामांना कुठले परवडायला? त्यांनी आकाशकंदिलाच्या बांबूच्या काड्या तासल्या आणि पतंगाचा कागद वापरला. विमान जड होई. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत : “नाक जड”, “काडी आणखी तासणे”, “बावीस सेकंद, उत्तम!”

त्या काळच्या पुष्कळ विमानांना दोर नसे आणि रेडिओचे नियंत्रणही नसे. हातातून सुटले की ते वाऱ्याचे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली, तर घारीसारखे घिरट्या घालीत दिसेनासे होई. म्हणून सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली वात शेपटीशी बांधीत. ती उदबत्तीसारखी धुमसत जाई, ठरल्या वेळी रबराचा बंध जाळी, शेपटी वर उचलली जाई आणि विमान डुलत खाली येई. आपण जीव ओतून केलेली वस्तू उंच जावी, पण हाताबाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी ही वात! १९२८ पासून भरणाऱ्या वेकफील्ड चषकाच्या स्पर्धेची तर आणखी मौज. ज्यांना प्रवास झेपत नसे ते दूरदेशीचे स्पर्धक आपले विमान पेटीत घालून पाठवीत, आणि ते उडवी कोणी परकाच माणूस. घडविणाऱ्याला आपले विमान उडताना दिसतही नसे.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरून मामांचे एक विमान असेच गेले. त्याच्या पंखावर नाव-पत्ता होता, वातही होती. ती बहुधा विझली असावी. आम्ही संध्याकाळपर्यंत हिंडलो. मामा मात्र परतताना भलतेच खुशीत होते. त्यांनी घडविलेल्यांपैकी एकही विमान आज शिल्लक नाही. शिल्लक आहेत ते अंक.

गेल्या वर्षी एक संग्राहक गृहस्थ ते पाहण्यास आले. प्रत्येक नकाशा त्यांनी उजेडात धरला. जुन्या नकाशांतून टाचण्यांच्या भोकांवाटे चांदण्यांसारखा उजेड आला. गृहस्थांनी ते बाजूला सारले. “हे वापरलेले आहेत,” ते म्हणाले. ट्रंकेच्या तळाशी सात अंक निघाले, अगदी कोरे. त्यांना ते चांगली किंमत देण्यास तयार होते. ते अंक आम्ही ओळखले. मामांचा हात कापू लागल्यानंतरचे ते. अंक आणणे त्यांनी सोडले नव्हते. टाचणी मात्र त्यांच्या हातात ठरत नव्हती.

आज तयार ड्रोन दुकानात मिळतात. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. हौशी मंडळींनी हजारो जुने नकाशे संगणकावर उतरवून सर्वांना खुले केले आहेत, हेही मोठे काम. वेकफील्डच्या विमानाला आज केवळ तीस ग्रॅम रबराची मुभा आहे, आणि तेवढ्यावर ते मिनिटे न् मिनिटे तरंगते. विद्या जिवंत आहे. पण एखादी वस्तू अबाधित राहिली म्हणून ती मोलाची, हा हिशेब आमच्या गळी उतरत नाही. गणेशाची मृण्मयी मूर्ती दरसाल नवी घडवून पाण्यात सोडणाऱ्या लोकांना तो उतरूही नये.

ते गृहस्थ रिकाम्या हातांनी गेले. भोके पडलेले अंक आम्ही ठेवून घेतले आहेत. कोरे सात अंक मामांच्या गल्लीतल्या दोन मुलांना देऊन टाकले, आणि सोबत टाचण्यांची एक डबी.