पहिल्या तासाची मोजदाद

श्वास सहज चालतो तोवर तो मोजावा असे कुणाच्या मनात येत नाही. रोह्याच्या आमच्या काकांचा धापेचा जुना विकार एका पावसाळ्यात बळावला, त्यांना नागोठणे-वडखळमार्गे पेणच्या एका रुग्णालयात नेले, आणि श्वास मोजणे म्हणजे काय ते आम्हां घरच्यांना प्रथमच उमगले.

तेथे त्यांच्या नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून यंत्राने दाबाखाली हवा देण्यास आरंभ झाला. या उपायात घशात नळी घालावी लागत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात अशाच विकाराच्या ८५ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना मास्क दिला गेला. त्यांतील २६ टक्क्यांनाच पुढे नळी घालावी लागली, इतरांपैकी मात्र ७४ टक्क्यांना. मास्क लागताच आम्हांला हायसे वाटले, ते अगदीच निराधार नव्हते.

डॉक्टर मात्र खाटेपासून हलेनात. घड्याळाकडे पाहत त्यांनी काकांचे श्वास मोजले, नाडी पाहिली, रक्तातील प्राणवायू व आम्लता तपासली, आणि शुद्ध पाहण्यासाठी नाव-गाव विचारले. तासाभराने पुन्हा तेच. ‘‘मास्क लावला एवढ्याने काही ठरत नाही. तासाभरात माणूस कोणत्या वाटेला लागला, ते पाहायचे,’’ असे ते म्हणाले. याच पाच गोष्टींना गुण देण्याची रीत चीनमधील डॉक्टरांनी २०१७ साली मांडली. ती प्राणवायू कमी पडणाऱ्या रुग्णांसाठी होती. एका तासाने गुण पाचाहून अधिक भरले, तर मास्क पुरा पडणार नाही असा संभव फार मोठा. काकांसारख्या जुन्या विकारात आम्लता आणि शुद्ध यांवर विशेष नजर ठेवतात.

तासाभराने काका शांत झाले, डोळे मिटले. ‘‘लागला बाई एकदाचा डोळा!’’ काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी हाका मारल्या. उत्तर नीट येईना. ती झोप नव्हती. रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची ती गुंगी होती. थकलेला देह विसावल्यासारखा दिसतो, आणि घरचे फसतात.

खरा धोका उशिराचा असतो. नळी काढल्यावर पुन्हा दम लागलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मास्कवर ठेवले, त्यांतील नळी लागलेल्यांना ती साधारण १२ तासांनी मिळाली. इतरांना अडीच तासांनी. मास्कच्या गटात २५ टक्के दगावले, दुसऱ्यात १४ टक्के. पेण-रोह्याकडच्या माणसांना या तासांत रस्त्याचेही तास मिळवावे लागतात. काकांना उजेडीच नवी मुंबईला हलवले, तेथे काही दिवस नळी राहिली, आणि ते घरी परतले.

पाहणाऱ्या डोळ्यांचे मोल या जिल्ह्याला नवे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. दरदरून घाम, थंडगार हातपाय, पुढे फुप्फुसांत साचणारे पाणी, हा क्रम त्यांनी ओळखला. प्राझोसिन हे औषध वेळीच देता येऊ लागले आणि कितीतरी प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नळीचे नाव निघताच घरात भीती शिरते. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे श्वासयंत्राचाच प्रश्न हाताळला होता. असाधारण उपाय स्वीकारण्याची सक्ती नाही, आणि घरच्यांनी रुग्णाची इच्छा मानावी, असे त्यांनी सांगितले. ती इच्छा रुग्ण शुद्धीवर असतानाच विचारून ठेवावी. मास्क लागताच डॉक्टरांनाही विचारावे: तासाने काय पाहणार, आणि कोणत्या खुणेवर हलवणार? हे दोन प्रश्न विचारण्यास डॉक्टर असावे लागत नाही.