गुडघ्याची विद्या

मल्लखांबावरून खाली उडी टाकताना चवडे आधी टेकवावेत, गुडघा सैल सोडावा आणि टाच शेवटी जमिनीला लावावी, हा दादरच्या व्यायामशाळेतील आमच्या वस्तादांचा हुकूम मी बालपणी निमूट पाळला. त्यामागील शास्त्र मात्र सत्तरीच्या दशकाअखेरीस नोकरीनिमित्त लंडनला गेल्यावर, थेम्सच्या दक्षिण तीरी, एकाच आवारातील दोन परस्परविरोधी मंडळींनी मला शिकविले.

1951 च्या ब्रिटन महोत्सवासाठी उभारलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नाताळच्या सुमारास फेस्टिव्हल बॅलेचा ‘नटक्रॅकर’ होई. आणि तेथून हाकेच्या अंतरावर, 1967 साली उघडलेल्या क्वीन एलिझाबेथ हॉलच्या तळाशी, खांबांच्या व उतरत्या काँक्रीटच्या अर्धवट अंधारात, पोरे स्केटबोर्ड फिरवीत. माझा मुक्काम बहुधा या पोरांकडे असे, कारण तेथे तिकीट नव्हते.

उड्डाणापूर्वी नर्तकी गुडघ्यांत वाकते, ज्याला ते लोक प्लिए म्हणतात, आणि उतरताना त्याच वाकण्यात देहाचा सारा भार निःशब्द जिरविते. फळीवरचा मुलगाही हेच करतो, फक्त निःशब्दपणे नव्हे. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफंडने त्याच सुमारास वक्र भिंतीवर साधलेली आणि रॉडनी मलनने पुढे सपाट जमिनीवर आणलेली ‘ऑली’ तेथील पोरांच्या अंगवळणी पडली, तेव्हा तर हे साम्य लपता लपेना. मागच्या पायाने फळीची शेपटी भुईवर ठोकावी, पुढचा पाय घासत वर न्यावा, गुडघे छातीकडे आखडावेत, की हाताचा स्पर्शही न होता फळी तळव्यांना डिंकाने चिकटविल्यागत वर येते. प्रेक्षकांचे डोळे दिपतात ते उड्डाणाने. कसब सारे उतरण्यात असते.

गिरकीची रीत मात्र निराळी. नर्तकी एका बिंदूवर दृष्टी रोवून मान सर्वांमागून फिरविते व सर्वांआधी जागी आणते. स्केटबोर्डवाला प्रथम डोके आणि खांदे वळवितो, मग कंबर, पाय नि फळी त्यांच्या मागून येतात. पण हा भेद गौण होय. खरा भेद पडण्याचा आहे. चौदाव्या लुईने 1661 मध्ये नृत्याची अकादमी स्थापिली, तेव्हापासूनचे दरबारी वळण बॅलेने सोडलेले नाही: पडायचे ते तालीमखान्याच्या बंद दाराआड, रसिकांपुढे केवळ सिद्धी. खांबांखाली तालीम आणि प्रयोग यांत आडपडदाच नाही. तीच उडी पुनःपुन्हा फसते, कोपरे सोलवटतात, आणि अखेर साधली की अनोळखी पोरेही आपापल्या फळ्या जमिनीवर आपटून दाद देतात. मला ही दुसरी रीत अधिक प्रामाणिक वाटते. बॅलेच्या रसिकांनी खुशाल रागवावे. (माझ्या स्वतःच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला आहे, तेव्हा मी निःपक्षपाती साक्षीदार आहे.)

2013 मध्ये त्या जागी दुकाने काढून पोरांना जवळच्या पुलाखाली हलविण्याचा बेत पुढे आला. पोरांनी चाळीस वर्षांच्या वहिवाटीचा आधार घेऊन रीतसर अर्ज केले, हजारोंच्या सह्या जमविल्या, आणि 2014 साली तहनामा होऊन जागा त्यांच्याकडे राहिली. पूर्वी बंद केलेला काही भागही दुरुस्त होऊन 2019 मध्ये खुला झाला.

फेस्टिव्हल बॅलेचे नाव आता इंग्लिश नॅशनल बॅले असून तिचे नाताळचे प्रयोग नदीपलीकडे कोलिसियममध्ये होतात. लंडनला जाणाऱ्या वाचकाने त्यांचे तिकीट अवश्य काढावे. मात्र पायपूल ओलांडण्यापूर्वी तासभर या खांबांशी उभे राहावे. तेथे आजही पैसे पडत नाहीत.