आठ थाउंची फट

पेडण्याहून डिचोलीला इंजिनकाम शिकायला गेलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पाऊस लागला होता. खनिजाची वाहतूक थांबली की ट्रक गॅरेजात येत आणि इंजिनं खुली होत. खाणीची तांबडी धूळ आतपर्यंत शिरलेली असे. रिंगा झिजलेल्या, लायनरच्या वरच्या टोकाला नख फिरवलं की कड लागे.

त्याच मोसमात मी एका टाटा 697 च्या दोन कनेक्टिंग रॉडच्या कॅप अदलाबदल करून बसवल्या. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जळालं, क्रँकची पिन खरवडली. मालक तावातावानं आला. मला शिकवणारे मेस्त्री म्हणाले, "बसवताना मी उभा होतो. चूक माझी." ते तिथं नव्हतेच. ग्राइंडिंगचे आणि बेअरिंगचे पैसे त्यांनी भरले, माझ्या हातखर्चातला रुपया कापला नाही. रात्री फक्त सहाही रॉडवरचे नंबर मोठ्यानं वाचायला लावले. त्यांच्या त्या एका वाक्याचं देणं माझ्यावर अजून आहे.

क्रँक दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवायला त्यांनीच शिकवलं. घडीव पोलाद देवळातल्या घंटेसारखं घुमतं. तडा असला की आवाज तिथंच मरतो.

पुढं कुवेतला अमेरिकन गाड्यांच्या गॅरेजात लागलो. शेवर्लेचं व्ही-8 पहिल्यांदा उघडलं आणि थांबलोच. लायनर नाहीत, बोअर थेट ब्लॉकमध्ये, आणि एका पिनेवर दोन रॉड! टाटाच्या सरळ सहात प्रत्येक रॉडला स्वतःची पिन.

एकदा कॅमेरो झेड-28 चं अस्सल 302 म्हणून एक इंजिन आलं. त्या 302 चा आणि साध्या 350 चा बोअर चार इंचच. फरक स्ट्रोकचा: एकाचा 3 इंच, दुसऱ्याचा 3.48. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत 305 घनइंचांची मर्यादा होती, म्हणून 1967 साली शेवर्लेनं स्ट्रोक आखूड ठेवला आणि क्रँक घडीव दिला. घडीव क्रँकवरची शिवण रुंद, चपटी असते, ओतीवाची सुरीच्या धारेसारखी बारीक. ही बारीक होती. टांगून वाजवला, तर नुसतं थड्. स्ट्रोक मोजला, 3.48 भरला. गिऱ्हाइकाचे पैसे अजून गेले नव्हते, वाचले.

त्या रात्री मेस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "एका पिनेवर दोन रॉड? मग बाजूची फट किती ठेवतात?"

"आठ ते चौदा थाउ." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

"कशानं मोजलीस?"

निघताना त्यांनी हातात दिलेलं फिलर गेज माझ्या खिशातच होतं. "तुमच्याच पात्यांनी."

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाले, "आठाचं पातं टोकाला वाकलंय रे. जपून घाल."