मागची खोली

आम्ही १९८४ साली पनवेलला आलो, तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी किती उंबरे झिजवले त्याची गणती नाही. खोली पसंत पडायची, भाडे ठरायचे आणि मग घरमालक हळूच विचारायचा, "आडनाव काय?" आडनाव सांगितले की तीच खोली आमच्या डोळ्यांदेखत पाहुण्यांना दिलेली निघायची. पुढे ह्यांना तळोज्याच्या कारखान्यात कायम केले. आम्ही आपल्याच वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि मागे पत्र्याची एक खोली काढून ती भाड्याने द्यायला लागलो.

१९९७ च्या मे महिन्यातली दुपार. दारात एक माणूस उभा. काळाभोर रंग, दाट कुरळे केस. मागे बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या वेण्यांना लाल रिबिनी. मला वाटले, हा परदेशी. तर तो म्हणाला, "ताई, मागली खोली भाड्यानं देतासा काय? कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाडीवर हाय मी. पोरीला जूनमध्ये शाळंत घालायचं हाय."

मी म्हणाले, "पाहुण्यांना दिलीय हो."

खोली रिकामी होती. दाराला कुलूपसुद्धा नव्हते. त्याने एकदा तिकडे बघितले, मान हलवली आणि मुलीचा हात धरून निघून गेला.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. महाडकडच्या त्या. त्यांचे वडील १९२७ साली बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यावर गेलेले. शाळा त्यांनी कधी बघितली नाही. हातातले सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कोण गं पाव्हणा येनार हाय आपला?"

मी गप्प.

"तुमाला खोली नाकारली त्यांनी निदान आडनाव तरी इचारलं. तू तेबी इचारलं नाहीस. नुसतं त्वांड बघितलंस."

त्या रात्री मला जेवण गेले नाही. माझ्या लग्नाच्या वेळी "मुलगी जरा सावळी आहे" म्हणून दोन स्थळे परत गेली होती, आणि ती आपल्याच समाजातली होती. रंगाची खोड आपल्यातही आहे. ती आपण बोलून दाखवत नाही इतकेच.

चौथ्या दिवशी ह्यांना घेऊन लोखंड बाजारात गेले. तो सापडला, पण बायको-मुलगी गावी परत गेल्या होत्या. तो गाडीतच झोपत होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. तुमी हुडकत तरी आलासा."

त्या रविवारी तो घरी चहाला आला. गाव कर्नाटकातल्या हल्याळ तालुक्यात. जात सिद्दी. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कानडी. त्याच्या आईकडचे ख्रिस्ती, एक आत्या मुसलमानाकडे दिलेली, हा स्वतः हिंदू. तिन्ही धर्मांत सिद्दी आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून कित्येकांना गोव्यात आणले. त्यातले काही पळून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले आणि तिथेच राहिले.

सासूबाईंनी विचारले, "मंग बाबा, तू आफ्रिकेचा की हितला?"

तो हसला. "गावात आमास्नी आफ्रिकेचे म्हणत्यात. आफ्रिका कुणी बघितल्या? मुंबैत इचारत्यात, नायजेरियाचा काय? मी मराठीत बोललो की बघतच राहत्यात. आजी, दोन्ही असू नये काय मानसानं?"

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. शाळेत आम्ही सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचा शत्रू एवढेच शिकलो होतो. मुरूडचे हे संस्थान आपल्याच रायगड जिल्ह्यातले, १९४८ साली विलीन झाले. पण इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० साली खडकी वसवली, तिथे नहरीने पाणी आणले आणि शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले, हे सारे मला फार उशिरा कळले. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

आता माझी नात कॉलेजात आहे. मी तिला ही हकीगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "आजी, अमेरिकेतही असेच लोक आहेत." तिने वाचून दाखवले. गुलामांच्या जहाजांतून अमेरिका खंडात सुमारे १ कोटी ७ लाख आफ्रिकन माणसे जिवंत उतरली. त्यातली आजच्या अमेरिकेत थेट आली ती ४ लाखांहूनही कमी. बाकीची ब्राझील, क्युबा, पोर्तो रिको अशा मुलखांत गेली. त्यांची लेकरे रंगाने काळी, बोलायला स्पॅनिश किंवा पोर्तुगीज. हीच माणसे न्यूयॉर्कला आली की काळे म्हणतात, तुम्ही लॅटिनो. लॅटिनो म्हणतात, तुम्ही काळे. दोघेही गरीब, एकाच गल्लीत राहणारे, पण कामासाठी आणि घरासाठी एकमेकांकडे संशयाने बघणारे. त्या दोघांच्या मध्ये हा तिसरा उभा.

आर्तुरो शोंबर्ग हा असाच एक. पोर्तो रिकोत १८७४ साली जन्मला, आई काळी. काळ्यांना इतिहास नसतो, असे शाळेत एका शिक्षिकेने त्याला ऐकवले, असे सांगतात. त्याने जन्मभर काळ्या माणसांची पुस्तके आणि कागद गोळा केले. तो संग्रह १९२६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. आज हार्लेममध्ये त्याच्या नावाची मोठी संस्था उभी आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ जिथे शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे.

आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर निघाली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनने १९६९ साली शिकागोत पोर्तो रिकन पोरांच्या यंग लॉर्ड्सशी आणि गरीब गोऱ्यांच्या संघटनेशी हात मिळवले. त्याच वर्षी पोलिसांनी त्याला घरात घुसून मारले. वय अवघे २१. बाबासाहेबांनीही १९४६ साली अमेरिकेतले काळ्यांचे विद्वान नेते डु बॉईस यांना पत्र लिहिले होते. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. डु बॉईस यांचे आपुलकीचे उत्तरही आले.

बाबासाहेबांनी सात समुद्रांपलीकडे पत्र धाडले. माझ्या दारात तीच माणसे उभी होती, आणि मी दार लावून घेतले. दुःख सारखे असले की नाते आपोआप जुळते, असे आपण समजतो. तसे होत नाही. नाते कुणीतरी आधी हात पुढे करून जोडावे लागते.

मी खोली वर्षभर रिकामी ठेवली. पण मुलगी परत आली नाही. मामाने तिला तिकडेच शाळेत घातली. तो मधूनमधून येऊन चहा घेऊन जायचा. २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा पेढे घेऊन आला. सासूबाई तेव्हा नव्हत्या. पहिला पेढा त्याने त्यांच्या फोटोपुढे ठेवला.

भगिनींनो, मागची खोली आम्ही आजही भाड्याने देतो. कोणी विचारायला आले की मी आधी चहा टाकते. बोलणे मग.