गव्हाचं सोवळं

सोवळं आमच्या घरातून आजीबरोबरच गेलं. मागल्या वर्षी ते परत आलं, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर!

आमची धाकटी नऊ वर्षांची. दोन वर्षं तिची उंची जागची हलेना. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, रक्त कमी. पौडात सल्ल्याला तोटा नाही. कुणी जंत म्हणालं, कुणी दृष्ट काढायला सांगितली, आणि ‘पोळी-तूप जास्त घाला’ हे तर सगळेच म्हणाले. नेमकी पोळीच चोर निघाली! पुण्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा कण काढून पाहिला. दुखण्याचं नाव सीलियाक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर चिडतं आणि स्वतःच्याच आतड्याची झालर झिजवतं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर भरणा रोज होतो, खात्यात जमा काही होत नाही.

हॉलंडमधल्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय होताच. १९४४-४५ च्या उपासमारीत पाव मिळेना, तेव्हा अशी मुलं सुधारली; पाव परतला, दुखणंही परतलं.

गव्हाची ॲलर्जी निराळी. तिच्यात खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात; श्वास कोंडला तर तडक दवाखाना गाठायचा. तिसऱ्या प्रकारात दोन्ही तपासण्या कोऱ्या, तरी गहू सोसत नाही. मात्र तपासणीआधी आपल्या मनानं पोळी बंद करू नये. मग रिपोर्टही कोराच येतो.

सीलियाकवर औषध एकच : गहू, रवा, मैदा, शेवया, जव जन्मभर वर्ज्य. चिमूटभरही नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ पाकिटाला सरकारी मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची! हे ऐकून मी गार पडलो, पण आई ताठ बसली. आजीच्या हाताखाली तयार झालेली सून ती! दुसऱ्या दिवशी धाकटीचं पोळपाट-लाटणं वेगळं, तवा वेगळा, डबे वरच्या फळीवर. गव्हावर दळलेलं पीठ बाद. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं मी भिंगातून वाचली, तर आत मैदा! डबी हद्दपार झाली.

बाकी मुळशीत उपाशी कोण राहतो? इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी, घावन, मोदक. आमच्या आजोबांना पोळी दिसायची ती सणालाच.

अडचण येते ती माणसांची. परवा शेजारी सत्यनारायण होता. काकू शिऱ्याचा द्रोण घेऊन आल्या. ‘अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. एवढ्याशानं काय होतंय?’ मी सीलियाक समजावू लागलो, द्रोण पुढेच. तेवढ्यात धाकटी म्हणाली, ‘काकू, मी सोवळ्यात आहे.’

काकू दोन पावलं मागे सरल्या आणि तिच्या हातावर केळं ठेवलं.